रोल केज तपासणीत नाकारली, मदत हवी आहे

सायनकर:
नमस्कार. नव्याने बसवून घेतलेली रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा) तपासणीत नाकारली गेली आहे आणि स्पर्धा पुढच्या रविवारी आहे. कारागीर म्हणतो की पाइप ४५ मिलिमीटरचाच असल्यामुळे नियमात बसतो. आता नेमके काय बदलावे, हे कृपया लवकर सांगावे.

गिअरपेटी:
गाडी कोणती? केज बोल्टची आहे की वेल्ड केलेली? पाइपाची जाडी किती आणि तो सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा, आहे का? केवळ बाहेरच्या व्यासावरून काहीच ठरत नाही.

सायनकर:
एस्टीम आहे, केज बोल्टची आहे, जाडी २ मिलिमीटर आहे. बिलावर फक्त 'एमएस (साधे पोलाद) पाइप' लिहिले आहे. तपासनीस "पाइप आणि पाय" एवढेच म्हणाले.

घाटवाट:
दारांच्या बाजूंना दोन आडवे पाइप आणि मागे एक तिरपा जोडावा. माझ्या जिप्सीला त्यामुळे चांगलीच मजबुती आली.

गिअरपेटी:
घाटवाटसाहेब, मूळ पाइपच कमी जाडीचा असेल, तर त्याला दहा पाइप जोडूनही तो नियमात बसणार नाही. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या परिशिष्ट जे मधील कलम २५३ नुसार मुख्य कमान, म्हणजे पुढच्या सीटमागची उभी कमान, ४५ × २.५ किंवा ५० × २ मिलिमीटर (बाहेरचा व्यास × जाडी) पाइपाची लागते. तो पाइप थंड ओढलेल्या सीमलेस कार्बन पोलादाचा आणि किमान ३५० मेगापास्कल ताणशक्तीचा असावा लागतो. सायनकर, पाइपाच्या उघड्या तोंडातून टॉर्च मारून पाहा: आत लांबीभर शिवणीची उभी रेघ दिसली, तर तो ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून वेल्ड केलेला पाइप आहे, सीमलेस नाही.

घाटवाट:
क्लबच्या छोट्या स्पर्धांना एवढे काटेकोर असण्याची गरज काय? मी पूर्वी अशीच गाडी उतरवली होती.

गिअरपेटी:
गाडी उलटली की क्लब छोटा की मोठा हे छताला कळत नाही. पायांचेही, म्हणजे केज गाडीला जिथे टेकते त्या जागांचेही, पाहून घ्या: गाडीच्या पत्र्याला वेल्ड केलेली किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटर टेकणारी पट्टी आणि प्रत्येक पायाला ८.८ दर्जाचे किमान तीन एम८ बोल्ट हवेत. पातळ पत्र्यावर नुसते वॉशर लावले, तर धक्क्याने पाय पत्रा फाडून खाली उतरतो.

दहिसरकर:
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाप्रमाणे फेरबदल करता येत नाहीत. त्यामुळे हायवेवर ही गाडी चालवू नये, ट्रेलरवरून न्यावी.

गिअरपेटी:
प्रश्न तो नव्हता, पण सल्ला योग्य आहे. रस्त्यावर हेल्मेटशिवाय बसणाऱ्याचे डोके केजवर आपटू शकते.

सायनकर:
आत रेघ दिसली. मुख्य कमान नव्याने करून घेतो. कळंबोलीच्या बाजारातून सीमलेस पाइप चाचणी प्रमाणपत्रासह घेईन. मात्र तो तापवल्याशिवाय वाकवून देणारा कारखाना ठाणे-बेलापूर पट्ट्यात कोणाला माहीत आहे का?

गिअरपेटी:
कोणाकडेही गेलात, तरी वाकवण्याची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे ४५ च्या पाइपाला १३५ मिलिमीटर, त्याहून कमी नको, असे आधीच लिहून द्या. वळणावर पाइप चपटा झाला, तर माल परत करा.