मदत हवी आहे: छोट्या बेटावरच्या रस्त्याचा पर्यावरणावरचा परिणाम मोजायचा कसा?

डेपोनाका (पुणे)

कोकणातल्या एका खाडीतल्या बेटावर रस्ता होणार आहे. त्याचा पर्यावरणीय परिणामांचा अहवाल इथे पुण्यात तयार होतोय आणि सध्या माझ्या टेबलावर आहे. बेटाचं नाव देत नाही, आकडे देते.

क्षेत्रफळ १.४ चौ.किमी, वस्ती साधारण ४००, वाहन एकही नाही. जेटीपासून वाडीपर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी (पायवाट) आहे. रस्ता २.६ किमी लांब, काँक्रीट ३.७५ मीटर रुंद आणि १५० मिमी जाड, खाली १५० मिमी जीएसबी (दाबलेल्या खडीचा थर). त्यातले ४०० मीटर खाजणातून (भरतीचं पाणी येणाऱ्या चिखलाच्या जमिनीतून) भराव टाकून जातात. अंदाजपत्रकात तिथे ६०० मिमीच्या दोन नळांची एक मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) आहे. साधारण ७०० मीटर सड्यावरून (जांभ्याच्या उघड्या पठारावरून) आणि उतारावर एके ठिकाणी ३ मीटर खोल कटिंग. पिण्याचं पाणी ११ विहिरींचं, बाकी काही नाही.

हाताशी महामार्गांच्या अहवालांचा साचा आहे: १० किमी त्रिज्या, एका ऋतूचे नमुने, हवा, आवाज, पाणी, माती आणि शेवटी गुणांचा तक्ता. त्यात हे बेट बसवलं की प्रत्येक ओळीत ‘परिणाम किरकोळ’ येतं. ते पटत नाही, पण खोडायचं कसं तेही कळत नाही. परवानग्या नेमक्या कुठल्या? विहिरींचं काय मोजू? आणि गुण कसे द्यायचे?

भांगाची_भरती

१० किमी त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३१४ चौ.किमी. त्यात तुमचं बेट अर्धा टक्काही भरत नाही, उरलेली खाडी, समुद्र आणि पलीकडचा किनारा. एवढ्या भाजकाने भागलं की काहीही किरकोळच दिसणार. अभ्यासक्षेत्र म्हणून अख्खं बेट, भोवतालचा ओहोटीत उघडा पडणारा चिखलपट्टा, आणि माल चढवण्या-उतरवण्याच्या दोन्ही बाजूंच्या जेट्या एवढंच धरा. खडी ज्या खाणीतून येणार ती वेगळ्या पानावर.

परवानग्यांचं थोडक्यात. २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम अभ्यास) अधिसूचनेत ७ (एफ) खाली राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग येतात, ग्रामीण रस्ता येत नाही. म्हणून ‘पर्यावरण मंजुरी लागू नाही’ असं लिहून लोक मोकळे होतात आणि तिथेच फसतात, कारण सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) वेगळं आहे. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत मुख्य किनाऱ्यालगतच्या आणि खाडीतल्या बेटांना भरतीरेषेपासून २० मीटरचा पट्टा आहे. पण कांदळवन सीआरझेड-१ए या सगळ्यात संवेदनशील गटात जातं, आणि ते १००० चौ.मीटरहून जास्त असेल तर त्याभोवतीचा ५० मीटर बफरही. तिथे भरावाचा रस्ता केवळ अपवाद म्हणून, सविस्तर अभ्यासानंतर, आणि बाधित कांदळवनाच्या किमान तिप्पट क्षेत्रावर लागवड करून. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर कांदळवन तोडायला न्यायालयाची परवानगी लागते. ती जमीन वन म्हणून अधिसूचित आहे का ते वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडून लेखी घ्या. तुमच्या जिल्ह्याचा किनारा आराखडा २०११ च्या अधिसूचनेचा चालू आहे की २०१९ चा, हे सगळ्यात आधी बघा. नवा आराखडा मंजूर होईपर्यंत नवी अधिसूचना तिथे लागू होत नाही. भरतीरेषा अधिकृत संस्थेकडूनच आखून घ्यायची, १:४००० च्या नकाशावर. गूगल अर्थवर ओढलेली रेघ चालत नाही.

शेडीमाती

विहिरींचं मी सांगतो, कारण या प्रकल्पात खरा जीव तिथेच आहे.

पुस्तकात गायबेन-हर्झबर्ग सूत्र सापडेल: गोड्या पाण्याची घनता १.०००, खाऱ्याची १.०२५, म्हणून समुद्रसपाटीच्या वर जितकं गोडं पाणी, त्याच्या ४० पट खाली. अर्धा मीटर वर असेल तर २० मीटर खाली. याची उलट बाजू भीतीची आहे. कटिंगने किंवा गटाराने पातळी कायमची १० सेंटिमीटर उतरली, तर खालून खारं पाणी ४ मीटर वर येऊ शकतं.

पण हे सूत्र वाळूच्या किंवा प्रवाळाच्या बेटांवर चांगलं चालतं. तुमचं बेट जांभ्याचं आहे. जांभा सच्छिद्र, त्याखाली शेडी (पाणी अडवणारी चिकणमाती) आणि त्याखाली काळा कातळ. पाऊस जांभ्यातून झिरपून शेडीवर अडतो, आणि विहिरी बहुधा त्याच साठ्यावर जगतात. इथे धोका खालून खारं पाणी वर येण्याचा कमी, आणि ३ मीटरच्या कटिंगने जांभा-शेडीचा सांधा उघडा पडून साठा बाजूने रिकामा होण्याचा जास्त. कटिंगच्या भिंतीतून जानेवारीपर्यंत पाणी गळत राहिलं तर समजा की विहिरीचं मेमधलं पाणी वाहून चाललंय.

म्हणून आधी एक उभा छेद काढा. ११ विहिरींचे काठ, तळ, पाण्याची पातळी, दिसेल तिथे शेडीची पातळी आणि रस्त्याची कटिंगची पातळी, सगळं एकाच डेटमवर (उंची मोजायच्या एकाच शून्य पातळीवर). कटिंगचा तळ शेडीच्या सांध्याला टेकत असेल तर आखणी वर सरकवा. चढ थोडा वाढला तरी चालेल.

मग मोजणी. प्रत्येक विहिरीत विद्युतवाहकता (पाणी खारं तितकी ती जास्त) दोनदा घ्यायची: वरच्या अर्ध्या फुटात आणि तळापासून ३० सेंटिमीटरवर. सकाळी पाणी उपसायच्या आधी, एकदा उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) आणि एकदा भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला). मार्च ते जूनचा पहिला आठवडा दर पंधरा दिवसांनी, नंतर महिन्यातून एकदा. वर ६०० आणि तळाशी १८०० मायक्रोसीमेन्स आलं तर वरून प्यायला गोड लागणारी विहीर काठावर उभी आहे. बादली पाणी वरून काढते, त्यामुळे वरून घेतलेल्या नमुन्यात हे कधीच दिसत नाही. तीन-चार विहिरींचं क्लोराइड प्रयोगशाळेतून काढा. आयएस १०५०० प्रमाणे इष्ट मर्यादा २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर, दुसरा स्रोत नसेल तर १०००.

एक अतिशयोक्ती मात्र टाळा. ‘काँक्रीटमुळे पुनर्भरण थांबेल’ असं सरसकट लिहू नका. ९,७५० चौ.मीटर म्हणजे बेटाच्या ०.७ टक्के. पुनर्भरण मरतं ते गटारामुळे, कारण वरच्या उताराचं सगळं पाणी अडवून ते सरळ खाडीत नेतं. दर ४०-५० मीटरवर गटाराला तोंड ठेवून पाणी खालच्या बाजूला पसरू दिलं की निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

डेपोनाका (पुणे)

हा छेद डोक्यातच आला नव्हता. डेटमचं विचारते: भरतीच्या तक्त्यातली उंची आणि सर्व्हेअरने दिलेली पातळी जुळत नाहीये. अडीच मीटरचा फरक येतोय.

भांगाची_भरती

येणारच. भरतीचे तक्ते चार्ट डेटमवर (सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपासच्या पातळीवर) असतात, सर्व्हेअर सरासरी समुद्रसपाटीवर देतो. मुंबईला ही सपाटी चार्ट डेटमच्या सुमारे अडीच मीटर वर आहे, जवळच्या बंदराचा आकडा तक्त्यातच मिळेल. हा गोंधळ तसाच राहिला तर खाजणातला रस्ता एकतर उधाणाला पाण्याखाली जातो, नाहीतर भराव गरजेपेक्षा अडीच मीटर उंच होतो. बेटावर बेंचमार्क (उंचीची पक्की खूण) नसेल आणि पातळ्या जीपीएसने आणल्या असतील तर ती उंची समुद्रसपाटीच्या हिशेबात आणणारी जिऑइडची दुरुस्ती केली आहे का तेही विचारा. कोकणात तो फरक साठ मीटरहून जास्त असतो, त्यामुळे चूक निदान लपत तरी नाही.

मोरीवाला

दोन नळ! कुणीतरी फक्त पावसाच्या पाण्याचा हिशेब केलाय. खाजणात मोरी पावसासाठी नसते, भरतीसाठी असते.

भरावाच्या आतल्या बाजूला खाजण किती? ३ हेक्टर धरू, उधाणाला सरासरी १ मीटर पाणी. म्हणजे ३०,००० घनमीटर पाणी सहा तासांत आत यायला हवं. सरासरी १.३९ घनमीटर प्रतिसेकंद, पण भरती एकसारख्या वेगाने चढत नाही, मधल्या तासांत दीडपटीहून थोडा जास्त वेग धरा: साधारण २.२. चिखल उकरला जाऊ नये म्हणून वेग ०.६ मीटर प्रतिसेकंदाच्या आत ठेवायचा, तर जवळपास ३.७ चौ.मीटर वाट हवी. ६०० मिमीच्या एका नळाचं तोंड ०.२८ चौ.मीटर. तेरा नळ लागतील, तुमच्याकडे दोन. दोनातून तेवढं पाणी जायला वेग ३.९ व्हायला हवा. तो होत नाही. म्हणजे आत भरती पूर्ण चढतच नाही, आणि नळांच्या तोंडाशी खड्डा पडतो.

पुढचं ठरलेलं असतं. आतल्या बाजूला उन्हाळ्यात मीठ साचतं, पावसाळ्यात गोडं पाणी तुंबतं, तिवरांची (कांदळवनातल्या झाडांची) श्वसनमुळं दिवसेंदिवस पाण्याखाली राहतात आणि झाडं वाळतात. रस्ता होताना एकही झाड तोडलेलं नसतं, त्यामुळे ‘बाधित कांदळवन’ या रकान्यात शून्य लिहिलेलं असतं. आतलं ३ हेक्टर त्या रकान्यात आलं पाहिजे.

पर्याय: आखणी खाजणाच्या वरच्या काठाने न्या. तेही ५० मीटर बफरमध्ये येत असेल तर खांबांवरचा रस्ता. अगदीच भराव करायचा तर २ मीटर रुंद, १.५ मीटर उंच अशा तीन चौकोनी मोऱ्या, निम्म्या भरल्या तरी ४.५ चौ.मीटर वाट मिळते. तळ आताच्या ओहळाच्या तळाच्या थोडा खाली ठेवा, वर ठेवला तर आत डबकं राहतं. नळ नकोतच, दोन वर्षांत कालवं आणि गाळ त्यांचं तोंड निम्मं करतात.

काजळा

मालाचा हिशेब कुणी केला का? जीएसबी शोल्डरखाली (रस्त्याच्या कडेच्या पट्टीखाली) धरून ५.५ मीटर रुंद: २,१४५ घनमीटर दाबलेली, सुटी साधारण २,७५०. काँक्रीट १,४६२ घनमीटर, त्याची खडी-वाळू सुमारे १,९००. एकूण ४,६५०. २५ घनमीटरचा मालवाहू बार्ज धरला तर १८६ फेऱ्या, सिमेंट वेगळं. त्या फेऱ्यांसाठी जेटीसमोर गाळ काढणार का, काढलेला गाळ टाकणार कुठे, कालवांची आणि शिंपल्यांची पट्टी कुठे आहे, हा वेगळा परिणाम आहे आणि बहुतेक अहवालांत तो नसतोच.

पाणी: काँक्रीट कालवायला घनमीटरला १८० लिटर, म्हणजे २ लाख ६३ हजार. क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवायला) चौ.मीटरला रोज ५ लिटर, १४ दिवस: ६ लाख ८२ हजार. एकूण साडेनऊ लाखांच्या आसपास. ४०० माणसांना माणशी ५५ लिटरने रोज २२,००० लागतात. म्हणजे गावाचं ४३ दिवसांचं पाणी, आणि काम चालणार फेब्रुवारी ते मे! करारात सरळ लिहून घ्या: बेटावरच्या विहिरीतून कामाला थेंबही नाही.

मुरूम बेटावर खणायचा नाही. मुख्य भूमीवरून आणलेल्या मुरुमातून गाजरगवत आणि रानमोडीचं बी येतं, म्हणून धुतलेली खडी चालेल, मातीमिश्रित मुरूम नको. पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर रस्त्याच्या कडेने पाहणी करून उपटून काढणं खर्चात धरा.

सड्याला ‘पडीक जमीन’ लिहू नका. मेमध्ये तो तवा असतो. जून ते सप्टेंबर तिथल्या डबक्यांत आणि फटींत जे उगवतं-पोहतं ते एका ऋतूच्या नमुन्यात दिसणारच नाही. वनस्पतींसाठी कोरेगाव रोडचं भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि प्राण्यांसाठी आकुर्डीचं प्राणी सर्वेक्षण, दोन्ही तुमच्या गावात आहेत.

आणि मुळात ३.७५ मीटर कशाला? रुग्णवाहिकेला आणि टेम्पोला ३ मीटर पुरे, वळणावर रुंदी वाढवा. मुख्य भूमीवर पाडलेले ८० मिमीचे पेव्हर ब्लॉक वापरले तर क्युरिंग शून्य, सांध्यांतून पाणी झिरपतं, आणि दुरुस्तीला बार्ज बोलवावा लागत नाही. ‘आहे ती पाखाडी रुंद करणे’ हाही पर्याय तक्त्यात असलाच पाहिजे.

शेडीमाती

पेव्हरला अनुमोदन, पण कटिंगजवळच्या चढावर नको. पावसाळ्यात खालची वाळू धुपते आणि ब्लॉक सरकतात. तेवढा तुकडा काँक्रीटच.

भांगाची_भरती

गुणांचं राहिलं. बहुधा तुमच्या साच्यात पास्ताकियांनी १९९८ मध्ये मांडलेली रायम पद्धत असेल: महत्त्व गुणिले तीव्रता, गुणिले कायमपणा, उलटवता येणं आणि साठत जाणं या तिघांची बेरीज. गोम पहिल्या आकड्यात आहे. ‘केवळ स्थानिक’ला १ गुण, राष्ट्रीयला ४. विहिरी खारावल्या तर: १ × (−३) × (३+३+३) = −२७, म्हणजे ‘मध्यम’. पण या बेटावर ‘स्थानिक’ म्हणजे सगळेच. दुसरी विहीर शेजारच्या गावात नाही, खाडीपलीकडे आहे. म्हणून मोजपट्टी बदला आणि बदलल्याचं अहवालात कारणासकट लिहा: १ म्हणजे एक-दोन घरं, २ म्हणजे एक वाडी, ३ म्हणजे अख्खं बेट, ४ म्हणजे बेटाबाहेरही. तोच परिणाम आता ३ × (−३) × ९ = −८१, सगळ्यात वाईट गटात. जुन्या आणि नव्या पट्टीचे दोन्ही आकडे शेजारी छापा, म्हणजे गुण फुगवले असं कुणी म्हणणार नाही.

हवा-आवाजाला एक पान पुरे. तिथले पैसे वाचवून विहिरींवर घाला.

डेपोनाका (पुणे)

खूप आभार. शेवटचं: उपकरणांना बजेट जवळपास नाही, आणि मंजूर झालेली भेट एकच. ती कधी करू?

शेडीमाती

हातात धरायचा ईसी (विद्युतवाहकता) मीटर घ्या, तापमान भरपाईचा, सोबत १४१३ मायक्रोसीमेन्सचं प्रमाण द्रावण. रोज सकाळी त्यात तपासायचा. पातळीसाठी तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातून दोन तारांची केबल आणि साधा मल्टीमीटर: टोकं उघडी, खाली वजन, दर मीटरला खूण. पाण्याला टेकलं की काटा हलतो. तळाचा नमुना घ्यायला वजन बांधलेली बाटली, बुचाला वेगळी दोरी, तळाजवळ गेल्यावर बूच ओढायचं.

भेट मेच्या शेवटच्या आठवड्यात, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. तोच मीटर वाडीतल्या शाळेत किंवा अंगणवाडीत ठेवून या आणि पंधरा दिवसांची नोंद कुणाला तरी मानधन देऊन सोपवा. ती एका भेटीपेक्षा जास्त कामाची. आणि निघण्याआधी होडीवाल्याला फोन करा, उधाणाच्या ओहोटीत जेटीला होडी लागत नाही, चिखलातून चालावं लागेल.