नदी सुधार कामातल्या भरावाला हरकत कशी घ्यायची? (पलूस तालुका) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाव कृष्णाकाठी. नदी पुनरुज्जीवनाचं काम मंजूर झालंय. गाळ काढणार, घाट बांधणार, झाडं लावणार, आणि काठानं भराव टाकून वर रस्ता. पहिल्या तिन्हींबद्दल कुणाची तक्रार नाही. भांडण भरावाचं आहे.

आमच्याकडं पूर समोरून येतच नाही, पाठीमागून येतो. नदी चढली की ओढ्याला फुग येते आणि पाणी उलटं सरकत मागच्या आळीत शिरतं. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं (धोका पातळी ४५). तेव्हाची रेघ गोठ्याच्या भिंतीवर अजून आहे, माझ्या खांद्याला लागते. २००५ ची पार खाली, गव्हाणीच्या बुडाशी.

आता भराव ओढ्याच्या तोंडावरूनच जातोय. नकाशात तिथं सिमेंटच्या नळ्या दाखवल्यात. मोजल्या, तीन! ओढ्याला वरनं पावसाचं पाणी आलं तर ते जायचं कुठं? आणि पूर ओसरताना मळीतलं (नदीकाठच्या शेतातलं) पाणी तीन नळ्यांतून कधी निघायचं? ऊस चार दिवस बुडाला तर निभावतो, पण शेंड्यावर पाणी दहा-बारा दिवस थांबलं की पोंगा (शेंड्याचा कोवळा कोंब) कुजतो.

बैठकीत विचारलं तर साहेब म्हणाले, "तुम्हाला नदी स्वच्छ नको का?" हवी हो. पण घर बुडवून?

पूररेषेच्या आत असा भराव चालतो का? कागद कुठले मागायचे? ग्रामसभेच्या ठरावाला कुणी विचारतं का?

प्रतिसाद १
निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तिथून लाल रेषेपर्यंत नियंत्रित. आधी भरावाची जागा पाटबंधारेच्या पूररेषा नकाशावर लावून बघा, बाकी सगळं नंतर.

माहिती अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये, मुदत ३० दिवस. भरावाआधीचे आणि नंतरचे नदीचे काटछेद (पात्र आडवं कापल्यावर रुंदी-खोली कशी दिसते त्याचे नकाशे), फुग किती वाढेल याचं गणित आणि नळ्यांचा व्यास कशावरून धरला, एवढंच मागा. मोघम "सर्व कागदपत्रे" लिहाल तर मोघमच उत्तर येईल. नळ्यांना झडपा बसवतो म्हणतील. झडप नदीचं पाणी अडवते, पण ती बंद असताना ओढ्याचंही आतच तुंबतं, हे विचारा. ठरावात नुसतं "विरोध" लिहू नका, "ओढ्यावर नळ्यांऐवजी मोकळ्या गाळ्यांचा (खांबांमधून पाणी जाईल असा) पूल" अशी मागणी घाला.

धागाकर्ता
आभार. काटछेद हा शब्दच माहीत नव्हता. उद्याच अर्ज टाकतो. अजून एक, गोठ्यावरच्या रेघांचे टेप लावून फोटो काढले आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घेतला तर हरकतीला जोडता येईल का? घरचे त्या भिंतीला दिवाळीत चुना लावायचा म्हणतायत, तूर्त थांबवलंय.