हवेतलं बटण बोटाला जाणवेल का?

फोंडेकर:
प्रॉडक्ट डिझाइनचं शेवटचं वर्ष चालू आहे, प्रोजेक्टला घेतलंय घरात हवेत तरंगणारं होलोग्राम पॅनल, पंखा लाइट चिमणी सगळं त्यावरून, आणि नुसतं दिसायला नको, हात लावला की लागलं पाहिजे. हॉलची अख्खी भिंत धरलीय. खरंच होतं का असं की सिनेमातच?

वायर_आणि_कटर:
होतं रे. ४० किलोहर्ट्झचे बारके अल्ट्रासाउंड स्पीकर, म्हणजे आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाचे, गाडीच्या पार्किंग सेन्सरच्या जातीचे, १६ बाय १६ असे २५६ एका बोर्डावर बसवतात, प्रत्येकाचा आवाज किंचित मागेपुढे सोडला की सगळ्या लाटा हवेत एकाच ठिकाणी जमतात आणि तिथे त्वचेवर दाब येतो. तो दाब सलग ठेवला तर काही कळत नाही, सेकंदाला २०० च्या आसपास वेळा चालू-बंद केला की मग तळहातावर कोणी फुंकर मारतंय असं वाटतं. टोकियो विद्यापीठवाल्यांनी २००८ लाच दाखवलंय हे. पण कडक बटण विसर, बोट आरपार जातं. लाटच साडेआठ मिलिमीटरची, दाब त्याहून बारीक जागी जमत नाही, त्यामुळे मोबाइलच्या स्क्रीनवर असतात तशी बारीक बटणंही नाहीत. आणि चित्र वेगळंच, ते खालच्या स्क्रीनवरचं आरशांच्या प्लेटमधून हवेत उभं करतात, बाजूने बघितलं तर गायब. होलोग्राम म्हणतात आपलं म्हणायला.

साखळीची_सून:
भिंतीवर कशाला पण? हात समोर धरून पाच मिनिटं उभा राहून बघ, खांदा बोलायला लागतो. हे किचनमध्ये पाहिजे, सिंकपाशी. सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलताना चिमणी लावायची तर मी कोपराने बटण दाबते, बटणाभोवती पिवळा डाग पडलाय तो जात नाही. आणि जुने स्विच काढू नकोस हां, पावसात लाइट जाते-येते तेव्हा सासूबाई काय हवेत चाचपडणार?

वायर_आणि_कटर:
सिंकपाशी बरोबर, तिथे अख्खा तळहात धरता येतो, आणि ही फुंकर तळहाताला बोटापेक्षा जास्त कळते. फक्त बोर्ड ओट्यात उताणा नको, माशाचं पाणी स्पीकरच्या तोंडात जाईल, तिरका बसव.

म्हापशेकर:
मांजर आहे का घरात? ४० किलोहर्ट्झ आपल्याला ऐकू येत नाही, तिला येतं, आणि सुंगटं म्हटल्यावर ती ओट्याखालीच असणार.

फोंडेकर:
आहे की! दोन. बरं, मग भिंत रद्द. चिमणीपुरतं एकच गोल फिरवायचं बटण, हात जवळ आला तरच स्पीकर चालू. आधी पुठ्ठ्याचं करून आईला देतो. सुटे स्पीकर पणजीत मिळतील की मागवायचे?