बर्फाच्या प्रदेशातले जंगल इतके कसे पेटते?

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, धानोरा तालुका, गडचिरोली

नमस्कार. आमच्या शाळेला लागूनच जंगल आहे आणि मोहफुलांच्या दिवसांत दरवर्षी त्यात वणवा लागतो. यंदा तो कुंपणापर्यंत आला, आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला उभ्या राहिलेल्या मुलांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर पळसाच्या जळक्या पानांची राख पडत होती. त्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने विचारले की, कॅनडा आणि सायबेरिया हे तर बर्फाचे प्रदेश, मग तिथे आपल्यापेक्षा मोठे वणवे कसे लागतात? 'हवामान बदलामुळे' एवढे सांगून मी वेळ मारून नेली, पण ते उत्तर मलाच पटलेले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : निवृत्त वनपाल, गोंदिया

गुरुजी, आधी आपला वणवा समजून घ्यावा. साग, ऐन, तेंदू यांचा पाचोळा जळतो आणि आग जमिनीवरून पुढे सरकते. ती गेल्यावर काडीने माती उकरून मी कित्येकदा पाहिले आहे. दोन बोटांखाली माती गारच लागते. मुळे जगतात, म्हणून पावसाळ्यात फुटवे येतात. तरीही हा वणवा निरुपद्रवी नाही, कारण दरवर्षी आग फिरली की कोवळी रोपे मोठी होतच नाहीत. शिवाय तो बहुतेक वेळा माणसानेच लावलेला असतो: मोहाखालची जागा साफ व्हावी म्हणून किंवा तेंदूला भरपूर पालवी फुटावी म्हणून. मोहाखाली जाळी अंथरली तर काडी ओढावी लागत नाही, हे मुलांना अवश्य सांगावे.

उत्तर २ : भूगोलाच्या प्राध्यापिका, चंद्रपूर

वनपाल साहेबांनी सांगितलेली गार माती हाच या प्रश्नाचा गाभा आहे. उत्तरेकडच्या जंगलात थंडीमुळे पाला नीट कुजत नाही. शेवाळ, सूचिपर्णी झाडांची सुईसारखी पाने (सुया), मुळे आणि अर्धवट कुजलेला पाला यांचा थर शतकानुशतके साचत जातो, आणि दलदलीच्या भागात त्याचे पीट बनते. उन्हाळा कोरडा गेला की ही जमीनच जळते. तिथले अग्निशमन कर्मचारी आग विझल्यावर हातमोजा काढून जमीन चाचपत जातात, कारण वर काही दिसत नसले तरी आत निखारा असू शकतो.

झाडेही वेगळी आहेत. काळा स्प्रूस हे कॅनडातले एक सूचिपर्णी झाड. त्याच्या फांद्या जवळजवळ जमिनीपासून सुरू होतात आणि त्यांत राळ असते, त्यामुळे खालची आग शिडीने चढावी तशी शेंड्यावर जाते आणि मग एका शेंड्यावरून दुसऱ्यावर वाऱ्याच्या वेगाने पळते.

आता तापमानाविषयी. हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि ते ती शेवाळातून, सुयांतून, वाळक्या फांद्यांतून ओढून घेते. अंगणात वाळत घातलेली मोहफुले ढगाळ दिवसांत ओलसर राहतात आणि ऊन तापले की खडखडीत होतात, तसेच हे आहे. उत्तर ध्रुवाकडचा भाग जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापत आहे. २० जून २०२० रोजी सायबेरियातील वर्खोयान्स्क येथे ३८ अंशांची नोंद झाली. बर्फ लवकर वितळतो, त्यामुळे आगीचा हंगाम लांबतो. कॅनडात २०२३ साली सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळाले. आपला संपूर्ण विदर्भ सुमारे ९७ लाख हेक्टरांचा आहे, म्हणजे दीड विदर्भ एका वर्षात. त्या ऑगस्टमध्ये यलोनाइफ हे सुमारे २० हजार वस्तीचे शहर रिकामे करावे लागले.

उत्तर ३ : शेतकरी, वर्धा जिल्हा

मॅडम, तिथे विजेमुळेही आगी लागतात असे वाचले आहे. आग तिथल्या निसर्गातच असेल, तर तापमानवाढीला दोष का द्यावा?

उत्तर ४ : भूगोलाच्या प्राध्यापिका, चंद्रपूर

भाऊ, शंका रास्त आहे. वीज पूर्वीही पडत होती. काळ्या स्प्रूसची बोंडे राळेने बंद असतात आणि आगीच्या उष्णतेने उघडून बी सांडते, म्हणजे हे झाड आगीची वाट पाहूनच जगत आले आहे. पण दोन आगींमध्ये बरीच दशके जावी लागतात. तेवढा अवधी मिळाला नाही तर झाडाला पुरेशी बोंडे धरण्याआधीच आग परत येते आणि स्प्रूसच्या जागी दुसरी झाडे किंवा नुसते गवत येते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: जमिनीवरचा थर म्हणजे खालच्या कायम गोठलेल्या जमिनीची गोधडी. ती जळाली की खालची जमीन वितळू लागते आणि तिच्यात साठलेला कार्बन हवेत जातो, त्यामुळे ऊब आणखी वाढते. आपल्या पाचोळ्याचा धूर पुढच्या काही वर्षांच्या पानांत परत सामावतो. तिथे मात्र कित्येक शतकांची साठवण एका उन्हाळ्यात उडून जाते.

प्रश्नकर्ते शिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. हे वर्गात सांगितले तेव्हा त्याच मुलीने पुढे विचारले, "पण गुरुजी, बर्फ पडल्यावर तरी विझत असेल ना?"

उत्तर ५ : भूगोलाच्या प्राध्यापिका, चंद्रपूर

बहुतेक आगी विझतात, सगळ्या नाही. पीटमध्ये शिरलेला निखारा बर्फाखाली हिवाळाभर धुमसतो आणि वसंतात बर्फ गेला की वर येतो. २०२४ च्या जानेवारीत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा या प्रांतांत मिळून शंभराहून अधिक आगी अशा जिवंत होत्या. वर पांढरा बर्फ आणि मधूनच त्यातून धूर निघत होता.