'ऊती दान करणे' : दुसरा शब्द सुचवा

अनुवादवाली: पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या संमतिपत्राचा मराठी अनुवाद करतेय. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा उरलेला तुकडा प्रयोगशाळेत न्यायचा, त्यातून इवलासा अवयव (ऑर्गनॉइड) वाढवायचा आणि त्यावर औषधं तपासायची. मी लिहिलं, 'उरलेली ऊती संशोधनासाठी दान करण्यास माझी संमती आहे.' वाचून दाखवलं, तर रावेरच्या एक मावशी म्हणाल्या, "ऊत येतो, तो का?" टिशू म्हटल्यावर मात्र लगेच, "मग केळीचं टिशू कल्चर म्हण की! एका कंदाची शेकड्यांनी रोपं करतात, माझी किती करणार?" ऊती आणि ऑर्गनॉइड, दोन्हींना शब्द हवेत. सोमवारपर्यंत.

वेलांटी: ऊती सोडू नका. संस्कृत 'वे' म्हणजे विणणे, त्यावरून ऊति. टिशूचं फ्रेंच मूळही विणण्याचंच. फक्त समासात 'ऊतिसंवर्धन' (टिशू कल्चर), ति ऱ्हस्व. बुद्धिबळासारखं. सगळीकडे सर्रास दीर्घ दिसतो.

सदाशिवपेठी: विणणं कळायला टिशूची साडी पुरते, लक्ष्मी रोडवर मिळते. पेशंटला संस्कृत कशाला?

विरजण: कल्चर म्हणजे सरळ विरजण. आमची आजी शेजारी विरजण द्यायची, दान नाही करायची.

डाव्या_कुशीवर: मी दिलाय असा तुकडा, आतड्याचा. ऑपरेशनच्या आदल्या रात्री, जेवणाच्या ताटलीखाली कागद ठेवून सही केली, वरणाचा डाग पडला. मला ऊती खटकली नाही, 'दान' खटकलं. नेत्रदान, देहदान म्हणजे 'न मम'. आणि तिसऱ्या पानावर लिहिलेलं, 'संमती केव्हाही मागे घेता येईल.' दिलेलं दान कोणी मागे घेतं का? माझ्या तुकड्यावर औषध लागू पडलं तर मला कळवणार का, कंपनीनं त्यावर पैसे कमावले तर काय, हे विचारायचं होतं. दान शब्द वाचून लाज वाटली, गप्प बसलो.

अनुवादवाली: काका, हेच! एक आजोबा म्हणाले, आतडं वाढवा, मेंदू नको, त्याला कळायला लागलं तर? डॉक्टरांनी सांगितलं, व्हिएन्नात 2013 साली केलेले मेंदूचे गोळे जेमतेम 4 मिलिमीटरचे होते, साबुदाण्याएवढे. त्यांना जाणीव असल्याचा पुरावा नाही. आजोबा म्हणे, "साबुदाणा फुगतो."

सदाशिवपेठी: निदान विचारतायत तरी. 1951 मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या. त्यांच्याच नावावरून त्या पेशींचं नाव 'हेला'. जगभर अजून वाढवतात. साधं 'देणे' लिहा.

वेलांटी: ऑर्गनॉइडला 'अवयवाभ'. गोल नि गोलाभ, तसं.

विरजण: अवयवाभ ऐकून अमावस्या आठवली. 'अवयवुला' करा.

वेलांटी: पोरखेळ आहे का? महापौर शब्दालाही लोक आधी हसलेच होते. आणि दानाऐवजी 'देणगी' घ्या.

अनुवादवाली: देणगी म्हटलं तर मावशी पावती मागतील.

डाव्या_कुशीवर: मागू देत. मलाही हवीय.

खान्देशी: उशिरा वाचलं. टिशू कल्चरला अख्खा कंद नाही, कोंबाचा शेंडा घेतात. मावशींना माहीत असणार, तुम्ही लिहिताना चुकलात.