दोघांची संमती असताना आणखी सहा महिने कशासाठी?

रानजाई (धागाकर्ती):
धाकट्या बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज केलाय. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे आधी वर्षभर वेगळं राहायचं, ते झालं. मूल नाही, पैशांचं लिहून झालंय. तरी पहिल्या मोशननंतर, म्हणजे दोघांनी न्यायालयात पहिल्यांदा अर्ज मांडल्यावर, सहा महिने थांबायचं! परवा बँकेत वारसाचं नाव बदलायला गेली, तर फॉर्मवर ‘वैवाहिक स्थिती’पाशी अडली आणि तशीच परत आली. दोन सज्ञान माणसांना एवढं ताटकळत का ठेवायचं? मला ही मुदतच नको वाटते.

औदुंबर:
नको कशी? मी आज उभी आहे ती त्या सहा महिन्यांमुळे. सही केली तेव्हा दीड वर्षाची लेक मांडीवर होती, कागदावर ‘पोटगी नको’ असं लिहिलेलं. मधल्या काळात मावशीने तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. मी संमती मागे घेतली. हुकूम होईपर्यंत तशी घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सुरेष्टा देवी प्रकरणात सांगितलंय.

काळा कोट:
मुदत माफ होऊ शकते. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर, २०१७. पहिल्या मोशनआधीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत, पोटगी आणि मुलांचा ताबा मिटलेला हवा. पहिल्या मोशननंतर आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो. मंजूर करणं न्यायालयाच्या हाती.

रानजाई:
अर्ज केला तेव्हा तेरा महिनेच झाले होते. म्हणजे बसलो आम्ही.

सातवं वर्ष:
ताई, सहा महिने मला कोणी दिले तर हात जोडून घेईन. माझ्या दाव्याला समोरच्याची संमती नाही. नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं त्याच कायद्याचं कलम २१-ब म्हणतं. माझ्याकडे नोटीस बजावण्यातच वर्ष गेलं. मग अंतरिम पोटगी, मग उलटतपासणी. साक्षीदार रजा टाकून आला की समोरचे वकील तारीख मागणार. तोच साक्षीदार चार वेळा आलाय, आता त्याला फोन करायची मला लाज वाटते. संसार पूर्ण मोडलाय या कारणावर थेट घटस्फोट फक्त सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली देऊ शकतं, २०२३ च्या शिल्पा शैलेश निकालाप्रमाणे. तिथवर जायचं कोणी? चिडायचं तर या तारखांवर चिडा.

रानजाई:
तुमचं दुःख मोठं आहे, मान्य. पण म्हणून आमचं खोटं ठरत नाही. औदुंबर, दबावाची शंका असेल तर न्यायाधीशांनी दोघांना वेगवेगळं बसवून विचारावं. एका दिवसाचं काम. त्यासाठी सगळ्यांना अर्धं वर्ष कशाला?

औदुंबर:
मलाही एकटीला बसवून विचारलं होतं. सासरे दाराबाहेर उभे होते, लेक त्यांच्या कडेवर. मी ‘हो’ म्हणाले.