तळहातावर मावेल एवढंच लिहा

निसर्गाचा विषय निघाला की आपण थेट डोंगर, समुद्र, धबधबे आणि सूर्यास्त गाठतो. तिथे थक्क व्हायला फार कष्ट पडत नाहीत, समोरचं दृश्यच सगळं काम करतं. मला दुसरे अनुभव हवे आहेत. तळहातावर मावेल एवढी वस्तू किंवा जीव, जो तुम्ही खरोखर थांबून पाहिलात आणि त्यानंतर डोक्यात चाललेल्या एखाद्या गोष्टीचा आकार बदलला. अट एकच: काय पाहिलं ते आधी सांगा. ‘मन प्रसन्न झालं’ हे नंतर लिहा, किंवा लिहूच नका.

सुरुवात मी करते. संध्याकाळी खिडकीच्या गजांत एक कोळीण जाळं विणत होती. आधी चौकट, मग मध्यापासून कडेला जाणारे आरे. त्यानंतर तिने मधून बाहेर एक विरळ, घाईघाईचं वेटोळं घातलं आणि मला वाटलं, झालं काम. पण कडेला पोचल्यावर ती उलटी फिरली आणि बाहेरून आत असं दुसरं, दाट वेटोळं घालू लागली. प्रत्येक आऱ्यापाशी थांबायचं, मागच्या पायाने धागा ओढायचा, पोटाचं टोक टेकवून चिकटवायचा, की पुढे. जाता जाता मघाचं ते विरळ वेटोळं तोडत जायचं. पहिलं वेटोळं चिकट नसतंच, ते फक्त पाय ठेवायला असतं. माशी धरून ठेवणारा चिकट धागा तो दुसरा. म्हणजे बांधकामाची परांचीच, काम पुढे सरकेल तशी उतरवत न्यायची. असं गोल जाळं विणणाऱ्या कोळ्यांची नजर यथातथाच असते, त्यामुळे हे सगळं पायांच्या स्पर्शावर चालतं. जुनं झालेलं जाळं त्या पुष्कळदा गिळून टाकतात आणि तोच माल नव्या धाग्याला वापरतात.

त्याच आठवड्यात माझा बरेच दिवस राबून केलेला अहवाल एका बैठकीत बाजूला पडला होता. कोळ्याकडून जिद्द शिकावी वगैरे मला सांगायचं नाही. कोळ्याला जिद्द नसते, भूक असते. पण त्या अहवालात परांची किती होती आणि जाळं किती, हा हिशेब मी त्या रात्री पहिल्यांदा न चिडता मांडला.

आता तुम्ही लिहा.

* * *

रुग्णालयात वडिलांच्या सोबतीला होतो. खिडकीबाहेर हात पोचेल एवढ्या अंतरावर भिंत, आणि तिच्या भेगेत वाळून काळपट झालेलं शेवाळ. पाण्यातलं बुळबुळीत नव्हे, भिंतीवर उगवतं ते मखमली. करायला काही नव्हतं म्हणून बाटलीच्या झाकणातून थोडं पाणी त्यावर ओतलं.

आधी काहीच झालं नाही. मग कडेच्या एका काडीवरची पानं देठापासून सुटू लागली. वाळल्यावर ती देठाला घट्ट चिकटून मुडपलेली असतात. पाणी लागलं की एकेक पान बाहेर वळतं, आणि काळ्याचं हिरवं होताना अक्षरशः दिसतं. बघता बघता बोटभर जागा हिरवीगार झाली, शेजारची कोरडी राहिली तशीच काळी. नंतर वाचलं की शेवाळाला खरी मुळं नसतात, ते पाणी सगळ्या अंगाने घेतं. आणि वाळलं म्हणजे मेलं असं नसतं, पाणी मिळेपर्यंत कारभार बंद ठेवलेला असतो.

वडील तेव्हा बोलत नव्हते. त्याचा याच्याशी संबंध जोडायचा मोह होतो, तो टाळतो. एवढंच सांगतो की तेवढा वेळ मी मॉनिटरच्या आकड्यांकडे वळूनही पाहिलं नव्हतं, आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

* * *

वरच्या दादांना: संशोधक रॉजर उलरिच यांचा 1984 चा शोधनिबंध रुग्णालयाच्या खिडकीतून काय दिसतं याच विषयावरचा आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. 23-23 जणांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. भिंतीवर शेवाळ होतं की नाही, हे कुणी नोंदवलेलं नाही!

आणि त्या बोटभर शेवाळात बहुधा टार्डिग्रेडही असतील. अर्धा मिलिमीटरच्या आसपासचे, आठ आखूड पायांचे. 1773 मध्ये गोत्से या जर्मन अभ्यासकाने त्यांना ‘पाण्यातलं चिमुकलं अस्वल’ म्हटलं. तेही शेवाळाबरोबर वाळतात आणि शेवाळाबरोबर जागे होतात. 2007 मध्ये वाळलेले टार्डिग्रेड यानातून नेऊन थेट अंतराळाच्या निर्वातात उघडे ठेवले, आणि परत आल्यावर पाणी दिल्यावर त्यातले बरेचसे चालू लागले. झाकणभर पाण्याने तुम्ही किती जणांना उठवलंत, कोण जाणे.

* * *

माझा अनुभव चार ओळींचा. टेबलावर उड्या मारणारा छोटा कोळी येतो. स्क्रीनवर बाण हलवला की त्याच्या मागे धावतो. मी वाकून पाहिलं की तो आधी थबकतो, मग अख्खं अंग वळवून माझ्याकडे बघतो. त्याची समोरची दोन मोठी भिंगं जागची हलत नाहीत, प्रतिमा उमटते तो आतला पडदा मात्र डोळ्याच्या नळीत इकडेतिकडे फिरवता येतो. म्हणजे तो तोंड न हलवता मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत असतो. ऑफिसात इतकं लक्ष देऊन माझ्याकडे कुणी बघत नाही.

* * *

ही चर्चा सुरू करणाऱ्या ताईंनी ‘पाहिलं’ अशी अट घातली आहे. मला दिसत नाही, तेव्हा थोडी सूट घेते.

तेरड्याची पिकलेली बोंडं माझी फार आवडती. बोटांत धरलं की फुगीर, ताणलेलं काहीतरी लागतं, आणि किंचित दाबलं की ते हातात जिवंत झाल्यासारखं आवळतं. पाच फाका एकदम आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि बिया तळहातावर टपटप आदळतात. बोंड आत ताण साठवून बसलेलं असतं, आपण फक्त निमित्त. कितीही वेळा केलं तरी दचकायला होतं.

दुसरं मृद्गंधाचं. कोरड्या मातीवर पहिले थेंब पडले की येतो तो वास. त्यातला मुख्य वाटा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू. माणसाचं नाक ते एक लाख कोटी भागांत मोजके काही भाग असलं तरी ओळखतं. पण वास आपल्यासाठी नाहीच. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की मातीतले उडी मारणारे बारीक जीव, स्प्रिंगटेल, या वासामागे येतात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन दुसरीकडे पोचवतात. जाहिरात त्यांच्यासाठी आहे, आपण वाटेत उभे आहोत. सगळेजण आधी ढग आले म्हणतात आणि मी नंतर वास आला म्हणते, हा क्रम लहानपणी मला खुपायचा. आता वासाच्या बाबतीत मी स्प्रिंगटेलच्या गटात आहे म्हणून खूश असते.

* * *

वरच्या अनुभवावर काही लिहायचं नाही, फक्त परत वाचायला आले.

* * *

निवृत्त झालो आणि दिवसाला आकारच उरला नाही. नातीने लाजाळूचं रोप आणलं होतं. हात लावला की पानं मिटतात हे सगळ्यांना माहीत असतं. पानाच्या बुडाशी बारीक गाठ असते, तिच्या खालच्या अर्ध्या भागातल्या पेशी झटकन पाणी सोडतात आणि पान कलंडतं. पण रात्री ते कुणी हात न लावताही मिटतं, याकडे नातीने लक्ष वेधलं. ‘आजोबा, त्याला अंधार कळतो का?’

मग आम्ही रोप कपाटात ठेवलं. दार बंद. सकाळी ती माझ्या आधी उठून कपाटापाशी हजर. फट करून बॅटरी मारली तर पानं उघडलेली! आत मिट्ट काळोख, तरीही. ती म्हणाली, त्याच्याकडे घड्याळ आहे.

फ्रान्समध्ये द मेराँ यांनी हाच प्रयोग 1729 मध्ये केला होता. ते खगोलशास्त्राचे अभ्यासक, झाडांच्या वाटेला सहज गेले. झाड बाहेरचा उजेड बघून नव्हे तर आतल्या कशाने तरी चालतं, ही शंका तिथून सुरू झाली. ते घड्याळ पेशीत नेमकं कसं चालतं हे फळमाशीवर काम करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. जवळजवळ तीनशे वर्षं लागली, आणि आमच्या कपाटात एका रात्रीत पहिलं पाऊल पडलं याचा नातीपेक्षा मलाच जास्त अभिमान आहे. कार्यालयाची वेळ गेली तरी वेळ गेलेली नाही, हे मला तेव्हा पटलं. हल्ली ठरावीक वेळी उठतो.

* * *

इथे सगळं फार गोड चाललंय, म्हणून थोडं मीठ टाकतो.

पडद्यामागे कुंभारीण माशीने मातीचं मडकं केलं होतं. नखाएवढं, गोल, वर बाहेर वळलेला काठ. चिखलाची गोळी तोंडात धरून आणायची आणि कडेकडेने फिरत लावायची, हे मी कौतुकाने पाहिलं. व्हिडिओही काढला. मग पडदे धुवायला काढताना ते मडकं फुटलं आणि आतून हिरव्या अळ्या पडल्या. मेलेल्या नाहीत. डंख मारून लुळ्या केलेल्या. माशी मडक्याच्या छताला बारीक धाग्याने अंडं टांगते, खाली अशा अळ्या भरते आणि तोंड लिंपते. पिल्लू बाहेर आलं की त्याला ताजं अन्न. अळ्या मारून ठेवल्या असत्या तर कुजल्या असत्या.

मला त्या रात्री नीट जेवण गेलं नाही. असंच काहीसं डार्विनला खुपत होतं. 1860 मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं आहे की जिवंत अळ्यांच्या अंगात राहून त्यांना खाणाऱ्या माश्या एखाद्या दयाळू देवाने मुद्दाम घडवल्या, हे काही मनाला पटत नाही. तेव्हा निसर्ग पाहून शांत वाटतं या गटात मला धरू नका. मात्र एक झालं. माझ्या घरात एका पाठोपाठ आजारपणं सुरू होती आणि ‘आपल्याच वाट्याला का’ हे डोक्यातून जात नव्हतं. ती अळी पाहिल्यावर हा प्रश्न कुणाला विचारायचा तेच कळेना, आणि हळूहळू मी तो विचारायचा थांबलो. हे समाधान आहे की नाही, माहीत नाही. झोप मात्र लागते.

* * *

मीठवाल्या दादांशी सहमत, म्हणूनच उंबराचं लिहिते.

पिकलेलं उंबर फोडलं की बारीक किडे निघतात आणि लोक ई करून फेकतात. मी एकदा न फेकता बशीत ठेवून बसले. उंबर हे वरून फळ दिसतं, पण खरं तर शेकडो बारीक फुलं आत तोंड करून कोंडलेली असतात. टोकाला खवल्यांनी झाकलेली एक फट असते, तिच्यातून माशीची मादी आत घुसते. घुसताना बहुधा पंख तुटतात, परतीचा प्रश्नच नाही. ती अंगावरचे परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी जन्मतात. त्यांना पंख नसतात. माद्यांशी मीलन करायचं, बाहेर पडायला त्यांच्यासाठी भोक कोरायचं, की त्यांचं आयुष्य संपलं. पराग घेऊन बाहेर पडणाऱ्या माद्या. बशीत भिंगाखाली फिकट, आंधळेपणाने चाचपडणारे नर आणि चकचकीत पंख पुसणाऱ्या माद्या शेजारी शेजारी होत्या.

माशी नसती तर उंबराला बी नाही, उंबर नसतं तर माशीला घर नाही, आणि हा करार कोट्यवधी वर्षांचा आहे. आमच्याकडे त्या काळात वाटण्यांवरून भांडण चाललं होतं, कुणी कुणासाठी किती केलं याचं. त्यावर मी या बशीतून कुठलाही निष्कर्ष काढला नाही. पण भांडणात माझा आवाज त्यानंतर चढला नाही, हे भावानेच बोलून दाखवलं.

* * *

गोगलगाय राहिली. ब्रिटिश म्युझियममध्ये 1846 साली इजिप्तहून आलेला वाळवंटी गोगलगाईचा शंख रिकामा समजून पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवला. 1850 मध्ये कुणाला तरी कडेला ताजा पातळ पापुद्रा दिसला. कोमट पाण्यात ठेवल्यावर गोगलगाय बाहेर आली आणि खायलाही लागली. मी कामं रखडवतो तेव्हा बायकोला ही गोष्ट सांगतो. तिला ती आता आवडेनाशी झाली आहे.

* * *

2020 मध्ये कॅलिफोर्नियातला एक अभ्यास आला होता. साठीपुढच्या लोकांनी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा 15 मिनिटं चालायचं. अर्ध्यांना सांगितलं होतं की चालताना काहीतरी नवल वाटेल असं शोधा. सगळ्यांना वाटेत स्वतःचे फोटो काढायला लावले होते. नवल शोधणाऱ्यांच्या फोटोत दर आठवड्याला त्यांची स्वतःची छबी लहान होत गेली आणि आजूबाजूचं जास्त दिसू लागलं. हे त्यांना कुणी करायला सांगितलं नव्हतं. वाचल्यावर मी माझे जुने फोटो उघडून पाहिले. त्याबद्दल इथे बोलत नाही.

* * *

प्रामाणिक प्रश्न. मी बरेच दिवस प्रयत्न करतोय. मुंग्या दिसतात. मुंग्याच वाटतात. पान म्हणजे पान. इथे सगळ्यांना काही ना काही गवसलंय, मला डास चावले. काय चुकतंय?

* * *

काही चुकत नाहीये, तुम्ही फार लांबून बघताय. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घ्या. आणि गुप्तहेरासारखं हात लांब करून धरू नका. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा, दुसऱ्या हाताने पान उचलून भिंगाकडे आणा, स्पष्ट दिसेपर्यंत. अंतर जेमतेम इंचभर भरेल. दोन्ही हात एकमेकांना टेकवलेत तर थरथरणार नाही. उजेड पानावर पडू द्या, डोळ्यावर नको. सुरुवात मुंगीने करू नका, ती थांबत नाही. पानाची खालची बाजू, फुलातले पराग, चिमूटभर वाळू. वाळू आधी बघा, तिला पळून जाता येत नाही. डासांचं म्हणाल, तर चावणारी मादीच असते आणि तिची सोंड एक सुई नसून सहा बारीक सुयांचा जुडगा असतो. पुढच्या वेळी बसली की मारण्याआधी भिंग लावून बघा, आणि जमलं तर इथे लिहा.